कोचकडे बघणाऱ्या सिस्टर

फुटबॉलच्या मॅचला येऊन बॉलकडे ढुंकूनही न बघणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्या सिस्टर. त्यांना नाव होतं, पण आमच्या स्टँडमध्ये ते कधी कुणी घेतलं नाही. एका सरकारी इस्पितळात उभा जन्म नोकरी करून वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणून त्या रिटायर झाल्या होत्या आणि रिटायर झाल्यावरही त्यांचा वॉर्ड काही सुटला नव्हता. फक्त खाटांच्या जागी अंधेरीच्या स्टेडियममधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या आणि पेशंट म्हणून आम्ही.

माझी त्यांची पहिली भेट बेसिनपाशी झाली. आमच्या स्टँडमध्ये बायका इतक्या कमी की लेडीज टॉयलेटमध्ये हाफ टाइमलाही शुकशुकाट असायचा. मी नळाखाली हात धरून उभी होते. तेव्हा मी नुकताच फॅन ग्रुपचा मोठा ड्रम वाजवायला घेतला होता आणि जोशात तळव्यांना फोड आणून ठेवले होते. मागून आवाज आला, "हात दाखव."

वळून बघितलं तर एक सत्तरीच्या बाई. फिकट रंगाची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला अडकवलेली भलीमोठी पर्स. मी हात पुढे केले. शाळेत बाईंपुढे करायचे तसे. त्यांनी पर्समधून गॉझ काढला, चिकटपट्टी काढली, दोन मिनिटांत दोन्ही तळवे बांधून टाकले आणि म्हणाल्या, "बडवायचं तर मनगटातून बडव. खांद्यातून काय बडवतेस, हमाल आहेस का तू?"

मी विचारलं, "तुम्ही ड्रम वाजवायच्या का?"

"छे गो. पण कोण कुठून जोर लावतो ते कळतं मला."

हे त्यांना खरंच कळायचं. त्या कांदिवलीला राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. प्रत्येक होम मॅचला एकट्या येत. गेट उघडायच्या आधीच हजर असत, पंच्याने खुर्ची पुसत आणि स्टँडच्या डाव्या टोकाला बसत. त्या टोकाला कुणी बसत नसे, कारण तिथून समोरचा गोल नीट दिसतच नाही. पण आमच्या टीमचा बाक मात्र तिथून अगदी जवळ होता. आधी आम्हाला वाटलं, म्हातारीला माहीत नसेल बिचारीला. मुलुंडचा पराग, आमच्या ग्रुपचा पंडित, त्यांना सांगायला गेला, "सिस्टर, मधे येऊन बसा ना, गेम मस्त दिसतो."

सिस्टर म्हणाल्या, "मी गेम बघत नाही."

"मग?"

"कोच बघते."

परागला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण ते खरंच होतं. नव्वद मिनिटं त्यांची नजर त्या एका माणसावर. तो चालला की नजर चालायची, तो बसला की बसायची. गोल झाला की आम्ही नाचायचो आणि त्या कोच काय करतोय ते बघायच्या. आमच्यावर गोल झाला की आम्ही डोकं धरायचो आणि त्या पुन्हा कोच काय करतोय तेच बघायच्या. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. खेळाडूंची नावंही त्यांना येत नसत. एकजण 'गुडघेवाला', एकजण 'कावीळ होऊन गेलेला', एकजण 'आईची आठवण येते तो'. गंमत म्हणजे गुडघेवाला पुढच्या महिन्यात खरोखर गुडघा धरून बाहेर गेला. आईची आठवण येणाऱ्याचं खरंखोटं आम्हाला करता आलं नाही.

का येता, असं विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर. परागला सांगितलं, बिल्डिंगमध्ये रिपेरिंगचा ठणठणाट असतो म्हणून. लॉरेन्सला सांगितलं, डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसायला सांगितलंय. मला म्हणाल्या, "घरी बसून काय करू? सिरीयलमधल्या बायका बघू? त्यापेक्षा हा टकला बरा."

टकला म्हणजे आमचा कोच. लांबच्या कुठल्याशा छोट्या देशातून आलेला, पन्नाशीचा, बारीक अंगाचा, डोक्यावर एक केस नाही. टीमचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांनी एवढंच समजावं की त्या वर्षी आम्ही सपाटून मार खात होतो.

लॉरेन्सचं सांगायला हवं, कारण त्याच्यामुळे स्टँडमध्ये सिस्टरचा शब्द चालायला लागला. लॉरेन्स मरोळच्या गावठाणातला, सहा फुटी, घसा असा की मेगाफोन लागत नसे. एकदा मॅच चालू असताना सिस्टर उठून त्याच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तू आज पाचव्यांदा पाणी प्यायलास आणि तिसऱ्यांदा खाली जाऊन आलास."

"गरमी आहे ना सिस्टर."

"गरमी सगळ्यांना आहे. उद्या सकाळी काही न खाता रक्त तपासून घे."

लॉरेन्स हसला. पुढच्या मॅचला सिस्टरनी त्याला गेटवरच अडवलं. "केलंस?" नव्हतं केलं. "मग आत जाऊ नकोस." सहा फुटी माणूस, गळ्यात टीमचा स्कार्फ, आणि त्याच्या पोटाएवढ्या उंचीची बाई आडवा हात धरून उभी. मागे रांग थांबलेली. लॉरेन्सने शेवटी तिथल्या तिथे लॅबला फोन लावला, तेव्हा त्यांनी हात खाली केला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. साखर इतकी वाढलेली होती की डॉक्टरांनी त्याला थेट भरती करून घेतलं. तेव्हापासून लॉरेन्स त्यांच्यासाठी आपल्या हाताने डावीकडची खुर्ची पुसून ठेवायचा. त्या ती पुन्हा पुसायच्या, ते वेगळं.

मॅच संपली की स्टेडियमबाहेरच्या उडप्याकडे आमची सभा भरायची. दोन टेबलं जोडून, इडली आणि कॉफीवर. त्या वर्षी सभेचा विषय एकच. कोच.

त्याचा हट्ट असा की बॉल लांब मारायचा नाही. गोलकीपरने जवळच्या बॅकला द्यायचा, त्याने दुसऱ्याला, असं पायापायातून पुढे न्यायचा. दिसायला झकास. पण आमच्या पोरांचे पाय त्यात अडकायचे, आपल्याच गोलसमोर बॉल सुटायचा आणि समोरचा येऊन आरामात गोल मारून जायचा. दर मॅचला तेच. पराग लॅपटॉप उघडून क्लिप दाखवायचा.

"हे बघ, हे बघ! पुढे तीन पोरं मोकळी, बॉल लांब मारला असता तर सुटला असता. पण नाही! साहेबांना पासिंग पाहिजे. अरे, भाजी मंडईत बॅले करायला सांगतोय हा पोरांना!"

"प्लेयर पण तसे नाहीत रे आपल्याकडे," लॉरेन्स म्हणायचा.

"मग तसे प्लेयर नाहीत हे कोचला दिसत नाही? आंधळा आहे का?"

"दिसतं त्याला," सिस्टर इडलीचा तुकडा मोडत म्हणायच्या. "मागच्या वेळी गोल खाल्ल्यावर त्या कीपर पोराने त्याच्याकडे बघितलं. त्याने काय केलं माहितेय? टाळ्या वाजवल्या. परत तसंच कर म्हणून हाताने सांगितलं. आणि पोराची पाठ फिरल्यावर स्वतःची नखं खाल्ली."

"सिस्टर, नखं खाऊन पॉइंट मिळत नाहीत."

"नाही मिळत. पण पोरासमोर नाही खाल्ली ना?"

यावर परागकडे क्लिप नसायची. तो चिडायचा. मीसुद्धा. आता लिहिताना सिस्टर किती थोर वगैरे वाटतं, पण तेव्हा मला त्यांचा राग यायचा. मी घाटकोपरच्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवते. दिवसभर मान खाली घालून बसायचं, कुणाच्या तरी न बघितलेल्या तोंडासाठी दात घासायचे. आठवड्यातून एकदा तो ड्रम होता. माझ्या एका ठोक्यावर चारशे माणसं ओरडायची. आणि मग आमची टीम गाढवासारखी हरायची आणि मी मेट्रोत ड्रम मांडीवर घेऊन बसायचे, तेव्हा समोरचे लोक मला बघून हसायचे. मला जिंकायचं होतं. त्या माणसाच्या नखांशी मला देणंघेणं नव्हतं.

सात मॅच झाल्या आणि एकही जिंकलो नाही, तेव्हा व्हॉट्सॲपवर मी प्लॅन टाकला. आयडिया माझीच. पुढच्या मॅचला सेकंड हाफ सुरू झाला की मी ड्रम थांबवणार आणि आख्ख्या स्टँडने मैदानाकडे पाठ फिरवून उभं राहायचं. सात मॅचची सात मिनिटं. एक शब्द नाही, घोषणा नाही. नुसत्या पाठी. एका तासात ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. पराग म्हणाला, "कसलं भारी डोकं आहे यार तुझं." मला फार बरं वाटलं.

सिस्टरकडे व्हॉट्सॲप नव्हतं. त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मॅचच्या आधी गेटबाहेर गाठून मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाठ फिरवून त्याला काय कळणार?"

"आम्ही रागावलोय ते कळेल."

"ते त्याला माहीत नाही? रोज पेपरात येतं. रस्त्यात कुणी भेटलं तर तेच सांगत असेल."

"म्हणून काय गप्प बसायचं?"

"बसू नकोस. तोंडावर शिव्या घाल. तोंडावर घातलेल्या शिव्या बऱ्या. पण पाठ..." त्या थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "माझा गुडघा दुखतो. मी बसून राहीन."

गुडघा दुखत होता हे खरं. पण तो सबब म्हणून पुढे केलाय हे मला कळलं, आणि माझं डोकं सरकलं.

"मग आमच्यात बसू नका सिस्टर. सगळे फोटो काढणार आहेत. सगळ्या पाठी आणि मधे एकच माणूस तोंड करून बसलेलं, वाट लागेल फोटोची."

बोलले आणि जीभ चावली, असं लिहायला आवडलं असतं. पण चावली नाही. त्या वेळी मला माझं बरोबरच वाटत होतं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. बेसिनपाशी बघितलं होतं तसंच, कुठे लागलंय ते शोधत असल्यासारखं. मग "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या. आत गेल्यावर मी बघितलं, तर लॉरेन्सने पुसून ठेवलेली खुर्ची रिकामी होती. त्या पार खाली, पहिल्या रांगेत, कठड्याला लागून एकट्या बसल्या होत्या. वरून फक्त पांढरा अंबाडा दिसत होता.

सेकंड हाफची शिट्टी झाली. मी दोन ठोके दिले आणि काठी थांबवली. चारशे माणसं एका दमात वळली.

आम्ही वळलो तेव्हा समोर काय होतं? स्टँडची मागची भिंत. तिच्यावर ओल, खाली दोन पाइप, आणि जिन्याच्या तोंडाशी चहाची किटली घेतलेला एक माणूस, ज्याला कळेना की चारशे लोक एकाएकी आपल्याकडे का बघायला लागले. तो बिचारा किटली खाली ठेवून शर्ट झटकायला लागला. कुणालातरी हसू आलं, परागने त्याला दटावलं. मागे मैदानावर बॉलचे आवाज. टप, टप. कोणी मारला, कुणाला गेला, काही कळत नव्हतं. एक मिनिट. दोन. सात मिनिटं किती लांब असतात ते मला चौथ्या मिनिटाला कळलं.

सहाव्या मिनिटाला समोरच्या स्टँडमधून आवाज उठला. आधी एक 'ओ...' असा लांबत जाणारा, मग स्फोट. आपलाच गोल. तो आवाज चुकत नाही. पण ठरवलं होतं ना! सात म्हणजे सात. माझ्या शेजारच्या पोराचे कान लाल झाले होते. लॉरेन्सने डोळे गच्च मिटून घेतले होते, जणू भिंतीतून दिसणार होतं. पाच-सहा मॅचनंतरचा आमचा पहिला गोल आणि आमच्यापैकी एकानेही तो बघितला नाही.

मी आधी वळले. आयडिया माझी आणि करार मोडणारीही मीच. गोल मारणारा पोरगा दोन्ही हात पसरून आमच्याच स्टँडकडे धावत आला होता आणि मधेच थांबला होता. त्याचे हात हळूहळू खाली येत होते. पहिल्या रांगेत सिस्टर उभ्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यावर, कठड्याला धरून, एकाच हाताने कठड्यावर थाप मारत होत्या. आख्ख्या स्टँडमध्ये तो एकच आवाज.

मग सगळेच वळले, आरडाओरडा झाला, मी ड्रम बडवायला घेतला, पण ते उशिराचं होतं. पराग पायऱ्या उतरत खाली पळाला, मी त्याच्या मागे.

"सिस्टर, कसा झाला गोल? कुणी दिला पास? हेडर होता का?"

"मला काय माहीत? मी कोचकडे बघत होते."

परागने कपाळावर हात मारून घेतला. आमच्यात एकच माणूस मैदानाकडे तोंड करून होतं आणि त्यानेही गोल बघितला नव्हता.

मी विचारलं, "काय केलं त्याने?"

सिस्टर कठड्याला टेकल्या. त्यांना दम लागला होता.

"उडी मारली. पोरासारखी. दोन्ही पाय वर घेऊन. मग हात वर करून इकडे वळला. तुमच्याकडे. आणि मग..." त्यांनी आपले दोन्ही हात वर केले आणि तसेच अर्ध्यावर धरले. "असे राहिले गो त्याचे हात. खाली घ्यायचे कसे तेच कळेना त्याला. मग डोक्यावरून फिरवले. केस नीट करतात तसे."

"पण त्याला तर..."

"नाहीत ना. तेच."

त्या खाली बसल्या. मी परत वर आले. पुढे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. समोरच्या टीमने एक परत केला, मग शेवटी आणखी एक घातला. आम्ही आठवी मॅचही हरलो.

पाठींचा फोटो मात्र गाजला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला, मला अनोळखी लोकांचे मेसेज आले, एका चॅनेलवाल्याने फोनवर मुलाखत घेतली. तिसऱ्या दिवशी कोचला काढल्याची बातमी आली. ग्रुपवर लाडू-पेढ्यांची चित्रं सुरू झाली. लॉरेन्सने काहीच टाकलं नाही. मी एक अंगठा टाकला आणि थोड्या वेळाने काढून घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सिस्टरचा फोन. "पेपरात आलंय, तो आज पोरांचा निरोप घ्यायला सरावाच्या मैदानावर येणार. पवईकडे आहे म्हणे ते. तू ये तिथे."

"मला लॅब आहे सिस्टर."

"दात एक दिवस थांबतील. ये."

मी गेले. त्या माझ्या आधी पोचल्या होत्या. बंद फाटकासमोर, पांढरे बूट जुळवून, पर्स पोटाशी धरून उभ्या. आम्ही दोघीच. स्टँडमधल्या चारशेपैकी बाकी कुणी नाही, पेपरवाले नाहीत. मी त्या दिवशीच्या गेटबाहेरच्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "गुडघ्याला मलम आणलंय का? नाही ना? मग गप्प उभी राहा."

तासाभराने फाटक उघडलं. एक गाडी बाहेर आली आणि आमच्यापाशी येऊन थांबली. मला वाटलं होतं सिस्टरना गाडीला हात करावा लागेल. तसं काही लागलं नाही. कोच स्वतःच दार उघडून उतरला. जवळून तो आणखी बारीक दिसत होता. डोळे सुजलेले.

सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. शेकहँडसाठी नव्हे, मनगट धरलं. त्यांचं बोट सवयीने नाडीवर गेलं. तो हात न ओढता तसाच उभा राहिला. मग त्यांनी आपल्या इंग्रजीत सांगितलं, "यू नो स्लीप. गो होम. ईट. स्लीप. युवर बॉईज लाइक यू. आय सी."

त्याने मान हलवली. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "ह्या बाईंना मी ओळखतो. मैदानाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. सुरुवातीला मला भीती वाटायची."

मी हसले. आणि मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी पाठ फिरवायची आयडिया माझी होती."

ते मी का सांगितलं मला माहीत नाही. सिस्टरनी सांग म्हटलं नव्हतं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सात मिनिटं," तो म्हणाला. "फार मोठी होती."

"हो सर."

"पण तो गोल. कीपरपासून सुरू झाला. अकरा पास. कुणीही लांब मारला नाही, कुणी घाबरलं नाही." बोलताना त्याचा चेहरा एकदम तरुण झाला. "वर्षभर मी त्यांना तेच शिकवत होतो. तू तो गोल बघायला हवा होतास."

"मी नंतर मोबाईलवर बघितला."

"मोबाईलवर," तो म्हणाला आणि मान हलवून हसला. त्याने सिस्टरचे दोन्ही हात धरून कपाळ खाली झुकवलं, गाडीत बसला आणि गेला.

परतताना सिस्टर एकट्या गोरेगावला जाऊन कांदिवलीची ट्रेन पकडणार होत्या. मला उलट्या दिशेला जायचं होतं, पण मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. आरेच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. झाडाखाली एक टपरी होती, समोर गोठ्यातल्या म्हशी, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. बाकावर बसून आम्ही चहा घेतला. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणच बोलायला लागल्या.

"आमचे मिस्टर कोच होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते एवढं मला माहीत होतं.

"गिरणीच्या टीमचे. चाळीतलीच पोरं सगळी. दर रविवारी सकाळी मैदानावर. गिरणी बंद पडली, वॉचमनची नोकरी धरली, तरी रविवार सोडला नाही. मी नाइट करून यायचे, झोपायचे. मला त्यांचं ते येड वाटायचं. दुपारी घरी आले की मी ताट वाढता वाढता विचारायचे, हरलात ना? ते म्हणायचे, हो. मग जेवायचे. बहुतेक रविवारी हरायचेच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "एकदाही गेले नाही गो मी बघायला. दहा मिनिटांवर मैदान. एकदाही नाही."

म्हशींना चारा टाकणारा माणूस टोपल्या घेऊन आतबाहेर करत होता. मी कप धरून बसले होते.

"ते गेल्यावर बाराव्याला एक माणूस आला. चांगला मोठा, केस पिकलेला. त्यांच्या टीममध्ये खेळायचा लहानपणी. मला म्हणाला, 'काकी, आम्ही हरलो ना, की सर कधी बोलायचे नाहीत. आम्ही मातीत बसून असायचो. ते खाली बसायचे आणि एकेकाच्या बुटाच्या नाड्या सोडायचे. सगळ्यांच्या. अकराच्या अकरा.'" सिस्टरनी कप बाकावर ठेवला. "एकोणतीस वर्षं संसार केला मी त्या माणसाबरोबर. आणि हे मला बाहेरच्या माणसाने सांगितलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग माझा तळवा उलटा करून फोडांच्या जागी कातडी कशी आलीय ते बघितलं.

रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. सिस्टरनी उरलेला चहा एका घोटात संपवला, रुमालाने तोंड पुसलं आणि गुडघ्यावर हात रोवून उठल्या.

"नवीन कोच कधी येतोय गो?"

मी म्हटलं, "शनिवारी. तरुण आहे म्हणे, पहिलीच मोठी नोकरी."

"अरे देवा," सिस्टर म्हणाल्या. "मग लवकर जायला हवं."